अब्रमच्या नावाला आमेन

त्या बेटावर नुसत्या वयाने कुणी मोठं होत नसे. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून तुटलेलं ते बेट. पूल तेव्हा झाला नव्हता आणि मीठ, बातमी, पाहुणा, सगळं होडीनेच यायचं. पोराला मिसरूड फुटलं, नांगर धरता आला, भर वाऱ्यात होडी वल्हवून आणता आली, तरी स्तुतिघरातल्या, म्हणजे बेटावरच्या लाकडी प्रार्थनाघरातल्या, म्हाताऱ्यांच्या लेखी तो पोरच. मोठं व्हायचं तर शोधाला लागावं लागे. डोक्याला पांढरा दोरा बांधायचा, हसणं-खिदळणं सोडायचं, पहाटे रानात जाऊन एकट्याने गुडघे टेकायचे, आणि देव स्वप्नात आपला गुरू दाखवील त्याची वाट पाहायची. ज्याचा चेहरा दिसेल त्याच्या दारात जाऊन म्हणायचं, "मला तुम्ही दिसलात." त्यानंतर पडेल ते स्वप्न त्या गुरूला सांगायचं. तो म्हणेल, "झालं, तू पार झालास," तेव्हा खरं. मग स्तुतिघरात परीक्षा आणि मग खाडीत बाप्तिस्मा. तोही ओहोटीलाच, कारण भरतीला धुतलेली पापं पुन्हा काठाला लागतात, असं जुनी माणसं सांगत.

टायटसला अठरा उलटून गेली होती आणि तो अजून पोरच होता. दोन उन्हाळे त्याने डोक्याला दोरा बांधला आणि दोन्ही वेळा कापसाच्या वेचणीपर्यंत तो तसाच मळून गळून पडला. धाकटी बहीण टेना मात्र गेल्या वर्षी पहिल्याच फटक्यात पार झाली होती आणि आता स्तुतिघरात पुढच्या बाकावर बसत होती.

"दादा, तू झोपतोस तरी कशाला?" ती म्हणायची. "दिसत तर काहीच नाही. त्यापेक्षा जागा राहा, चार कालवं तरी फोडून होतील."

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र त्याला माणूस दिसला. आणि दिसला तो असा, की जाग आल्यावर टायटस अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "देवा, हिच्याशिवाय कुणी नव्हतं का रे?"

त्याला बाइना मावशी दिसली होती.

बाइना मावशी म्हणजे खाडीच्या वळणावर एकटी राहणारी, मासे धरायचे पाग, म्हणजे फेकजाळी, विणून पोट भरणारी विधवा. बाई कामाची चोख आणि तोंडाची तिखट. पण अडचण तिच्या तोंडाची नव्हती. काही वर्षांपूर्वी तिचं डुक्कर टायटसच्या बापाच्या, अब्रमच्या रताळ्यांत शिरलं आणि अब्रमने बंदूक काढून ते जागच्या जागी आडवं केलं. भांडण स्तुतिघरात गेलं, कारण बेटावरचं भांडण कोर्टात नेणं म्हणजे घरची लाज बाजारात नेणं. म्हाताऱ्यांनी निवाडा दिला: चूक दोघांची, मांस निम्मं-निम्मं. अब्रमने निम्मं मांस निमूट पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं त्याच्याच कुंपणावर टांगलेलं होतं आणि वर कावळे बसले होते. डुक्कर मेलं, पण भांडण जगलं. स्तुतिघरात सगळ्यांसमोर दोघांनी हात मिळवले, तेही बोटांच्या टोकांनी. त्यानंतर अब्रम डावीकडच्या बाकावर, बाइना उजवीकडच्या, आणि दोघांच्या मध्ये परमेश्वर.

त्या सकाळी मक्याच्या कण्या आणि तळलेला बोय मासा ताटलीत पडला होता. बापाने पोराचं तोंड पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"दिसलं कुणीतरी."

टायटस ताटलीतला मासा चिवडू लागला.

"अरे, बोल की! फिबी, बघ याच्या तोंडाकडे. दिसलंय याला. कोण दिसलं?"

आई फिबी चुलीपासून वळली. टेनाचे डोळे विस्फारले. तिघांच्या नजरा अंगावर, त्यात बापाच्या चेहऱ्यावर असा आनंद की बऱ्याच वर्षांत टायटसने तो पाहिला नव्हता. त्या आनंदावर पाणी ओतायला त्याची जीभ उचलेना.

"पॉम्पी काका," तो म्हणाला.

अब्रमने टेबलावर असा हात आपटला की मासा ताटलीतून उडाला. पॉम्पी काका म्हणजे स्तुतिघराचे मुख्य! असा गुरू मिळणं म्हणजे काय साधी गोष्ट? दुपारपर्यंत बेटाच्या त्या टोकाला बातमी पोचली होती.

पॉम्पी काकांबद्दल बेटावरच्या कुणालाही विचारा, तो आधी त्यांच्या उपदेशाबद्दल सांगेल. त्यांचा उपदेश बोलण्यात सुरू व्हायचा आणि गाण्यात जाऊन मिळायचा, गोडं पाणी खाडीत मिळतं तसा. कुठे चव बदलली ते कळायचं नाही. आधी घसा खाकरून हवापाण्याच्या गोष्टी. मग एखादं वचन. मग तेच वचन पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. बाकावरची माणसं "हो, बाबा, हो" म्हणत झील धरू लागायची, टाचांखाली लाकडी जमीन घुमायची आणि बघता बघता त्या लहानशा खोलीचं जहाज व्हायचं. ज्याने ते ऐकलं त्याला पुढे कुठल्याही कोरड्या उपदेशात झोपच यायची. यात काही वाईट नाही. देवाने दाविदाच्या हातात वीणा उगीच दिली नव्हती.

तर असा माणूस गुरू. टायटस पहाटे रानात जायचा, ओकच्या झाडाखाली गुडघे टेकायचा, आणि दिवस वर आल्यावर काकांच्या ओसरीवर जाऊन पडलेलं स्वप्न सांगायचा.

"मासे दिसले, काका."

"कसले मासे?"

"बोय."

"पोरा, बोय म्हणजे जेवण. दर्शन नव्हे. जा, परत जा."

दुसऱ्या खेपेला त्याला आईची कढई दिसली. तिसऱ्या खेपेला काहीच नाही. काका रागावत नसत; डोकं हलवून हसत आणि त्याला परत पाठवत. पण घरी बाप रोज विचारायचा, "काका काय म्हणाले?" आणि रोज टायटस मान खाली घालायचा. बाप्तिस्म्याचा रविवार जवळ येत चालला. त्या वर्षीचे बाकी शोधक एकेक करून पार झाले. शेवटी टायटस रानात गुडघ्यांवर बसला असताना त्याच्या मनासमोर एक मोठं, झगझगीत दृश्य उभं राहिलं. झोपेत की जागेपणी, त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. पण दृश्य भारी होतं. तो धावतच काकांकडे गेला.

"काका, दिसलं! एक पांढरा घोडा दिसला. टेकडी उतरून येत होता."

काकांनी डोळे मिटले. "बरं."

"मागच्या पायाने लंगडत होता. मी म्हटलं, घोड्या, तू का लंगडतोस?"

काका खुर्चीत सावकाश डुलू लागले. "मग?"

"तर तो म्हणाला..."

आणि टायटसने पुढचं सांगायच्या आत काकांनीच, डोळे मिटलेले ठेवून, हलक्या सुरात धरलं: "मी फार लांबून आलो रे पोरा, फार लांबून, वाटेत दगड होते रे, मी तुझ्यासाठी आलो..." पुढे सोन्याचं फाटक आलं, फाटकावरचा देवदूत आला, त्याच्या हातातली किल्ली आली. एकेक गोष्ट टायटसच्या दर्शनात होती तशीच, त्याच क्रमाने. टायटस आधी चकित झाला. मग त्याच्या कानांच्या पाळ्या गरम होऊ लागल्या.

सूर थांबला. काकांनी डोळे उघडले.

"हे माझं आहे, बाळा. मी शोधाला होतो तेव्हा पाहिलेलं. तू आईच्या मांडीवर होतास तेव्हापासून दर नाताळला मी ते गातो. तू सगळं घेतलंस, माझ्या घोड्याचा लंगडा पायसुद्धा सोडला नाहीस!" आणि ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "चोरी नाही रे ही. तुझ्या कानांत मुरलंय ते. गाणाऱ्याला यापरीस मोठं बक्षीस नाही. पण उसन्या घोड्यावर बसून कुणी पार होत नाही."

टायटसच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता एक सांग," काका हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशी खरंच मी दिसलो होतो?"

ओसरीखाली कोंबड्या माती उकरत होत्या.

"नाही," टायटस म्हणाला. "बाइना मावशी दिसली होती."

पॉम्पी काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे महिनाभर मी दुसऱ्याच्या शेतात नांगर धरून उभा आहे! तरीच पीक उगवेना."

"बाबांना तुम्ही सांगाल का, काका?"

"मी? मी नाही. तिलाही सांगणार नाही आणि तुझ्या बापालाही नाही. स्वप्न तुझं, तोंड तुझं." मग जरा थांबून म्हणाले, "पण पाठीमागे प्रार्थना करीन. ती फुकट आहे."

त्याच दिवशी दुपारच्या ओहोटीला बापलेक कालवं काढायला चिखलात उतरले होते. घोट्यापर्यंत चिखल, वर ऊन, दोघांच्या मध्ये टोपली. टायटसने बापाच्या पाठीकडे पाहतच सांगून टाकलं. समोर पाहून त्याला ते जमलं नसतं.

अब्रम ताठ उभा राहिला. वळला नाही.

"म्हणजे त्या दिवशी टेबलावर माझ्याशी खोटं बोललास."

"हो, बाबा."

"आणि आता खरं बोलतोयस, तेही हे."

"हो."

"त्या बाईच्या दारात माझा पोरगा जाणार नाही. देवाला म्हणावं, दुसरं कुणी दाखव."

"बाबा, ती काय दुकानातली चप्पल आहे, बसत नाही म्हणून बदलायला? स्वप्न मी निवडलेलं नाही. मी निवडलं ते खोटं होतं, आणि ते तर उगवलंच नाही."

बाप आता वळला. दोघांची उंची सारखी झाली आहे, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं असावं. अब्रमने दोन कालवं टोपलीत टाकली, गरजेपेक्षा जास्त जोराने.

"जा मग. पण तुझ्या बाप्तिस्म्याला मी काठावर उभा राहणार नाही. तिने बुडवावं, तिनेच वर काढावं."

टायटसला हे लागलं. बापाविना पाण्यात उतरणं म्हणजे लग्नात एकट्यानेच वऱ्हाड होऊन जाण्यासारखं. पण त्याने टोपली उचलून होडीत ठेवली, पाय धुतले आणि खाडीच्या वळणाकडे चालू लागला.

बाइना मावशी दारात पाग विणत बसली होती. तिने मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"मावशी, मला तुम्ही दिसलात."

"मला ठाऊक आहे. मलाही तू दिसला होतास, पाण्याची बादली घेऊन. मी देवाला म्हटलं, तुझा पत्ता चुकलाय, ते घर ते नव्हे. मग तू पॉम्पीकडे गेलास तेव्हा म्हटलं, बरं झालं, पीडा टळली." तिने गाठ दातांनी आवळली. "महिनाभर काय शिकवलं त्याने?"

"गाणं," टायटस म्हणाला.

मावशीच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण तिने तो लगेच ताळ्यावर आणला.

"बस. माझ्याकडे गाणं नाही. माझ्याकडे एकच काम आहे आणि ते तुलाही जड आहे आणि मलाही. रोज रानातून आलास की इथे माझ्यासमोर मोठ्याने तुझ्या बापासाठी प्रार्थना करायची. नाव घेऊन. आणि मी आमेन म्हणायचं."

पहिल्या दिवशी टायटसने प्रार्थना केली: "हे प्रभो, माझ्या बापाला, अब्रमला, आशीर्वाद दे." मावशीला ठसका लागला. ती पाणी प्यायली, तिने घसा साफ केला, आणि आमेन काही आलं नाही. "उद्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी 'आ' आला, 'मेन' राहिलं. ती स्वतःवरच चिडली. "हसतोस काय? शोधात असलेल्याने हसू नये." तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने हातातला पाग बाजूला ठेवला, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले, आणि अंगणातलं दगडी जातं उचलावं तसं ते आमेन उचललं. उचललं मात्र पुरतं. त्या दिवशी तिने टायटसला भेंडी-कोळंबी घातलेला भात वाढला आणि त्याच्यासमोर बसून स्वतःही जेवली.

आणि त्यानंतर त्याला स्वप्न पडलं.

"आमची होडी चिखलात रुतली होती," तो सांगू लागला. "मी आत बसलो होतो. बाबा पुढून ढकलत होते, होडीच्या नाकाला खांदा लावून. आणि मागून आणखी कुणीतरी ढकलत होतं. मला त्याचे पाय तेवढे दिसले. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. होडी हलेना."

"चेहरा पाहिलास?"

"नाही. मान वर केली आणि जाग आली."

"प्रभूचा चेहरा मीही अजून नाही पाहिला. पाय पुरेत." मावशीने पागाची एक गाठ आवळली. मग तिचा आवाज पुन्हा करवतीसारखा झाला. "आणि तू काय करत होतास? बसला होतास! एक पुढून, एक मागून, आणि नवरदेव मध्ये! उतर खाली. जा, परत जा."

टायटस परत गेला. ती पहाट धुक्याची होती. गुडघ्यांवरच त्याचा डोळा लागला असावा. जागा झाला तेव्हा ओकच्या फांद्यांतून ऊन खाली उतरलं होतं आणि तो मोठमोठ्याने गात होता. काय गात होता, ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. मावशीच्या दारात पोचेपर्यंत धावून धावून त्याचा श्वास फुलला होता. त्याने जे सांगितलं ते तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग आत जाऊन त्याच्यासाठी शिवायला घेतलेला पांढरा झगा आणून त्याच्या खांद्यांना लावून पाहिला.

"लांबीला कमी पडणार," ती नाक ओढत म्हणाली. "तुमच्या घरातली माणसं उगीचच उंच."

टायटस पार झाला होता.

शनिवारी दिवेलागणीला स्तुतिघरात परीक्षा झाली. बाकं भरली होती. अब्रम डावीकडे बसला होता, हातांची घडी घालून. फिबीने त्याला कसं आणलं हे तिलाच ठाऊक. पॉम्पी काकांनी पुढे उभं राहून विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

"बाइना मावशीने."

बाकांवरून कुजबुज गेली. टेनाने जीभ चावली. काका म्हणाले, "सांग तुझा प्रवास."

टायटसने होडी सांगितली. चिखल सांगितला, पाय सांगितले. पुढचं सांगायला तोंड उघडणार, तोच डावीकडचं बाक करकरलं. अब्रम उभा राहिला होता.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "मी पुढून ढकलत होतो म्हणतोस. आणि ते... ते पायवाले मागून. म्हणजे मी मदत करत होतो की आडवा उभा होतो?"

टायटसने बापाकडे पाहिलं. या वेळी पाठीकडे नाही, डोळ्यांत.

"बाबा, सगळ्यांत जास्त घाम तुमच्याच अंगावर होता. पण तुम्ही त्यांच्याविरुद्ध ढकलत होता."

कुणीतरी "हो, बाबा, हो" म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

"मग?" अब्रमने विचारलं.

"मग मी खाली उतरलो. चिखलातून तुमच्यापाशी आलो. म्हटलं, बाबा, इकडून नाही, तिकडून."

"आणि मी आलो?"

"आलात. कुरकुरत आलात, पण आलात. तुम्ही या बाजूला, मी त्या बाजूला, आणि मधे ते. होडी अशी सुटली, बाबा, की आपण तिघे पालथे पडलो. आपण हसत होतो."

आधी टेना हसली. मग फिबी, मग पॉम्पी काका, मग सगळं स्तुतिघर. अब्रम हसला नाही. तो उभाच राहिला, मोठ्या हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा. "स्वप्नातला मी एवढा शहाणा," तो शेवटी पुटपुटला, "मग जागेपणीचा काय बैल आहे?" आणि बाकांमधली ती मोकळी जागा, जी इतकी वर्षं कुणी ओलांडली नव्हती, तो तीन-चार ढांगांत ओलांडून उजवीकडच्या बाकापाशी गेला. त्याने हात पुढे केला, अख्खा पंजा.

"बाई, पोरगं शिकवलंस. उपकार झाले."

बाइना मावशी उठली. तिने तो हात घट्ट धरला आणि सोडला नाही. आणि तेव्हा पॉम्पी काकांनी कसलीही सूचना न देता सूर धरला, खालून, अगदी पायाखालच्या फळ्यांतून आल्यासारखा, आणि माणसं उठून रिंगण करू लागली, टाचा वाजू लागल्या. हात धरलेली ती दोघंही त्या रिंगणात ओढली गेली, कारण त्या सुरात स्थिर उभं राहणं कुणाला जमलेलं नाही.

रविवारी सकाळी ओहोटी लागली तेव्हा सगळं बेट खाडीकाठी जमलं होतं. पांढरे झगे घातलेली पोरं-पोरी रांगेत उभी होती. टायटसचा झगा खरंच पोटरीवर आला होता. गुरूने शिष्याला पाण्यापर्यंत न्यायचं असतं, म्हणून मावशीने त्याचा उजवा हात धरला. डावा हात कुणी धरायची रीत नव्हती, तरी अब्रमने तो धरला.

"एवढ्या आत नेऊ नकोस, तिथे कालवांची धार आहे," अब्रम म्हणाला.

"या खाडीत मी तुझ्याआधी उतरलेय. कालवं कुठे आहेत ते मला शिकवू नकोस."

"मी चाळीस वर्षं इथे कालवं काढतोय, बाई."

"म्हणूनच संपली."

पाणी गार होतं आणि समुद्राकडे ओढत होतं. दोघांच्या मध्ये टायटस कमरेपर्यंत उभा होता आणि हसू आवरायचा प्रयत्न करत होता. मग त्याच्या लक्षात आलं की शोध संपला आहे, आता हसायला मनाई नाही. तो मनापासून हसला. बाप्तिस्म्यासाठी होडीने आलेल्या पाळकाने त्याच्या पाठीखाली हात घातला, आणि त्या हसऱ्या तोंडानेच तो पाण्याखाली गेला.